जीपमधली चिमणी

"गाडीत चिमणी अडकलीया बगा," असं पहिल्यांदा म्हणाली ती कोडोलीची एक म्हातारी. आमच्या जीपमध्ये ती पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसली होती, मांडीवर मेथीच्या जुड्यांचं गाठोडं. सकाळची पहिली फेरी होती. माणसं भरेपर्यंत गाडी नुसती चालू करून ठेवली होती आणि बॉनेटखालून चिक-चिक-चिक असा आवाज येत होता. म्हातारी माझ्या अंगावरून वाकून आमच्या मालकांना म्हणाली, "अवो पावणं, सोडा की तिला. मरंल बिचारी." मालक समोर बघत शांत बसून राहिले. म्हातारीनं तोंड वाकडं केलं. "लई मिजास हाय की ड्रायव्हरला!"

मिजास कसली डोंबलाची! त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालकच म्हणतात आणि मीही जन्मभर तेच म्हणत आले. गाडीचे मालकही तेच, ड्रायव्हरही तेच. कोल्हापूर ते कोडोली वडाप करायचे. वडाप म्हणजे मावतील तेवढी माणसं भरायची, मावत नसतील ती मागं लोंबकळत न्यायची आणि निघायचं. मी त्याच रस्त्यावरच्या एका गावात बालवाडीत शिकवत होते, म्हणून रोज सकाळी पहिल्या फेरीला त्यांच्याबरोबर जायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

जीप घेण्याआधी ते कबनूरला यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करून परत चालता करणारा तो जॉबर. लग्नानंतर पहिल्यांदा डबा घेऊन मी शेडमध्ये गेले, तेव्हा दारातच थबकले. एवढा आवाज की छातीत धडधडायला लागलं. आणि त्या गदारोळात माणसं निवांत गप्पा मारत होती. म्हणजे तोंडं हलवत होती. समोरच्याचे ओठ बघून समजून घ्यायचं, उरलेलं हातानं सांगायचं. हात वर केला की माग बंद. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, मारून उपयोगच नव्हता. मालकांनी मला ते ओठांचं बोलणं शिकवलं. मग घरात सासूबाई समोर बसलेल्या असल्या तरी आम्ही दोघं आवाज न काढता बोलायचो. त्यांना पत्ताही लागायचा नाही. नव्या नवरीला आणखी काय पाहिजे?

पण ते बोलणं इतकं अंगवळणी पडलं की त्यांचे कान कधी गेले ते कुणाला कळलंच नाही. त्यांनाही नाही. ते मोठ्यानं बोलायचे, पण आमच्या कोल्हापूरकडं मोठ्यानं बोलणाऱ्याला बहिरा कोण म्हणणार? इथं शेजारणीला चहाला बोलवायचं तरी अख्खी गल्ली दारात येते. पुढं कोल्हापुरात राहायला आल्यावर टीव्ही मोठा लावला की शेजारच्या मावशी भिंतीवर थापा मारायच्या. तेवढंच. मावशी वयानं माझ्या आईएवढ्या, तोंडानं फटकळ, पण मनानं चांगल्या. "अगं, बातम्या तुमी लावायच्या आनि आमी फुकटात ऐकायच्या व्हय?" असं म्हणायच्या.

कोल्हापुरात येण्याआधी कबनूरच्या मागमालकानं माग भंगारात घातले. मालक एका सकाळी कामावर गेले आणि तासाभरात परत आले. शेडला कुलूप होतं. त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. धडधाकट माणूस, उंबऱ्यावर बसून समोरच्या भिंतीकडं बघत राहायचा. जेवा म्हटलं की जेवायचा, झोपा म्हटलं की झोपायचा. दाढी वाढली, नखं वाढली. एकदा मी चिडून म्हणाले, "निदान माझ्याशी भांडा तरी!" तर नुसते बघत राहिले. त्या बघण्याची मला अजून धास्ती वाटते.

शेवटी आम्ही कोल्हापुरात माझ्या माहेराजवळ राहायला आलो आणि माझं होतं नव्हतं ते किडुकमिडुक मोडून ही जुनी डिझेल जीप घेतली. काय सांगू, माणूस परत माणसात आला. पहाटे उठून गाडी पुसायचे. पुढच्या काचेपाशी पांढऱ्या दगडातली बुद्धाची छोटी मूर्ती बसवली, तिच्यासमोर रोज एक फूल. बाकीच्या जीपवाल्यांच्या खोड्या काढायला लागले, चहाच्या गाड्यावर हसायला लागले. मला वाटलं, सुटलो.

आणि मग ही चिमणी आली.

म्हातारीचं बोलणं मी कानाआड केलं असतं, पण त्याच आठवड्यात दुसरं घडलं. कोडोलीच्या अलीकडच्या वळणावर रस्त्यात मोठा खड्डा होता. तो चुकवायला मालकांनी गाडी उजवीकडं घेतली आणि मागून उसाचा ट्रक येत होता. तो कधीचा हॉर्न वाजवत होता. गाडीतल्या सगळ्यांनी ऐकला, मागं लोंबकळणाऱ्या पोरांनी आरडाओरडा केला, आणि ट्रक आमच्या आरशाला घासून पुढं गेला. आरसा तुटून रस्त्यावर पडला. मालकांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून ट्रकच्या नावानं शिव्या घातल्या. "हॉर्न वाजवाय काय झालतं मुडद्याला?"

गाडीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. एका बाईनं मात्र लेकराला छातीशी धरलं, खाली उतरली आणि चालायला लागली. गाव अजून लांब होतं.

घरी आल्यावर मी ताट वाढलं आणि समोर बसले. समोर बसल्याशिवाय बोलून उपयोग नसायचा. म्हणाले, "कान तपासून घ्या."

"माझ्या कानाला काय धाड भरलीया?"

"ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला हुता. समद्यास्नी ऐकू आला."

"तुज्याशी बोलतोय न्हवं मी? तू बोलतीस ते कळतंय न्हवं मला?" त्यांनी ताट सरकवलं. "बहिरा माणूस असा बोलंल व्हय?"

बोलणार नाही तर काय, कप्पाळ! माझे ओठ त्यांना पाठ होते. मी हसले तरी त्यांना कळायचं आणि मनात शिव्या दिल्या तरी कळायचं. त्यांनी माझ्याशी अबोला धरला. त्यांना अबोला धरायला नुसती मान फिरवली तरी पुरायची.

मी काय काय करून बघितलं. दवाखान्याचं नाव काढलं, दुसरा ड्रायव्हर ठेवू म्हटलं, माझी शपथ घातली. एक ना दोन. मला त्यांचं कळत होतं. कान गेलेत असं एकदा कबूल केलं की गाडी गेली, आणि गाडी गेली की परत तो उंबरा आणि ती भिंत. आणि नाही कबूल केलं, तर एखाद्या दिवशी भरल्या गाडीसकट ऊसवाल्या ट्रकखाली. रोज सकाळी मी त्यांच्याशेजारी बसायचे आणि मागं वळून बघायचे, आज कोण कोण आहे ते. शाळेची पोरं असली की परत परत मोजायचे. मग मी मागचा हॉर्न वाजला की त्यांच्या मांडीवर थाप मारायला सुरुवात केली. पहिल्यांदा ते चिडले. नंतर थाप बसली की निमूट गाडी डावीकडं घ्यायला लागले. याच्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. पण माझं गाव आलं की मी उतरायचे आणि पुढं थाप मारायला कोणी नसायचं.

चिमणी रोज ओरडत होती. सकाळी गाडी थंड असली की जास्त, गरम झाली की गप्प. रोज कोणीतरी म्हणायचं, "पावणं, गाडी चिवचिवतीया." सगळेच म्हणायला लागल्यावर त्यांना ते नाकारता येईना. एका सकाळी मला हळूच विचारलं, "कसला आवाज म्हणत्यात गं लोक?"

मी म्हणाले, "चिक चिक चिक. चिमणीवानी."

त्यांनी तळहात बॉनेटवर ठेवला. शेडमध्ये मागावर हात ठेवून त्याचं दुखणं ओळखायचे, तसाच. बराच वेळ ठेवला. "हाताला तर काय लागत न्हाय," म्हणाले. मग इंजिनाचा पट्टा बोटानं दाबून बघितला आणि लगेच चेहरा खुलला. "पट्टा घसरतोय. मागाचा पट्टा घसरला की असाच वरडतोय. राळ लावली की संपलं काम."

मागांना मोटरवरून फिरवणारे चामड्याचे, कापडाचे चपटे पट्टे असायचे. ते घसरायला लागले की त्यांच्यावर राळेची पूड टाकायची, म्हणजे पट्टा चिकट होऊन पकड घेतो. वर्षानुवर्षं त्यांनी तेच केलं होतं. जीपचा पट्टा रबराचा, खाचेतून पळणारा. त्याला राळ लावतात का हे विचारायला ते कोणाकडं जाणार? जॉबरचं डोकं! राळ आणली, कुटली, टाकली. दोन दिवस आवाज बंद. मालकांनी मिशीवर हात फिरवला. तिसऱ्या दिवशी चिमणी परत आली, आणि आता चांगली मोठ्या गळ्याची. पट्टा मात्र गुळाच्या काकवीसारखा चिकट झाला होता, रस्त्याची सगळी धूळ त्याच्यावर.

शेवटी मीच हट्टानं त्यांना उद्यमनगरात एका मिस्त्रीकडं घेऊन गेले. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, पट्ट्याला हात लावला आणि बोटं एकमेकांना चिकटलेली बघून खदखदून हसला. "राळ? अवो पावणं, ही काय पिठाची गिरणी हाय व्हय?"

हसणं मालकांना दिसलं, कारण नाही कळलं. मिस्त्रीच्या गालात तंबाखूच्या माव्याचा तोबरा होता. त्याचे ओठ धड हलत नव्हते, आणि बोलताना मान इंजिनात. इंजिनात बघतच त्यानं विचारलं, "आवाज कवा येतोय? थंड असताना का गरम झाल्यावर?"

मालक त्याच्या डोक्याकडं बघत म्हणाले, "व्हय, कोडोलीलाच जातोय."

मिस्त्रीनं मान वर काढली. आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. मिस्त्री चांगला माणूस, पुढं हसला नाही. पण तिथून पुढं जे काही सांगितलं ते मला सांगितलं. "वैनी, आता गाडी गरम हाय, आवाज येनार न्हाय. सकाळी घरीच बगा. पट्ट्यावर पानी मारा. पान्यानं आवाज वाडला तर पट्टा ढिला. पान्यानं गेला आनि जरा येळानं परत आला, तर पट्टा वाकडा पळतोय. कंची तरी पुली वळीत न्हाय. कुठल्या पुलीपाशी येतोय तेवडं नीट ऐकून सांगा. राळ निघना झालीया, पट्टा बदलाय लागंल, पन आदी दुखनं कळू दे."

परत येताना मालक गाडी तावातावानं चालवत होते. एका ठिकाणी वेग कमी झाला तेव्हा म्हणाले, "तुला सांगत हुता त्यो. मला न्हाय."

 मी काही बोलले असते तरी त्यांना दिसलं नसतं, ते रस्त्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीला सुट्टी टाकली. थंडीचे दिवस, सकाळचं कोवळं ऊन. गल्लीत मावशी अंगण झाडत होत्या. मालकांनी गाडी दाराशी उभी केली होती. बॉनेट उघडून काठीवर टेकवलं आणि ते आत जाऊन बसले. आम्ही ठरवलं, ते इंजिन चालू ठेवणार, मी ऐकणार. मी बॉनेटच्या वर हात काढून बोटं हलवली की रेस वाढवायची, सरळ हात वर केला की बंद. शेडमधलंच. त्यांना ते एकदम पटलं. खूश झाले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं मिळून काहीतरी करत होतो. आत बसताना म्हणाले, "तू आता जॉबर आनि मी तुजा मदतनीस."

इंजिन चालू झालं आणि चिमणी ओरडायला लागली. मी तांब्यातलं पाणी पट्ट्यावर मारलं. आवाज गप्प. मी कान देऊन थांबले. थोड्या वेळानं परत चिक, मग चिक-चिक, मग सलग. म्हणजे पट्टा ढिला नव्हता, वाकडा पळत होता. मला शाळेत पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं झालं. आता पट्टा ज्या चाकांवरून पळतो त्यातली बिघडलेली पुली कुठली ते बघायचं. इंजिनाच्या त्या धडधडीत नुसत्या कानाला काही उमगेना, म्हणून घरात जाऊन चुलीची फुंकणी आणली. लोखंडी नळीच ती. एक टोक कानाला लावलं, दुसरं पुल्यांकडं धरलं. खालच्या मोठ्या पुलीपाशी नुसती घरघर. मधल्या पंख्याच्या पुलीपाशी तेच. रेसमध्ये नीट कळेल म्हणून मी हात वर काढून बोटं हलवली. मालकांनी रेस वाढवली. मग मी आणखी वाकून फुंकणी बाजूच्या, बॅटरी भरणाऱ्या डायनामोच्या पुलीपाशी नेली आणि चिमणी थेट माझ्या कानात शिरली.

सापडली! मी एवढी हरखले म्हणून सांगू. त्यांना सांगायला मी मान वर करणार, तेवढ्यात खांद्यावरचा पदर घसरला.

साधा पट्टा असता तर पदर लागून निसटलाही असता. पण त्याच्यावर राळ होती. त्यानं पदर धरला आणि ओढला. मी डाव्या हातानं पदर सोडवायला गेले, आणि पदराबरोबर हात आत गेला.

मी ओरडले. "अवो! बंद करा! अवो!" समोर बॉनेटचा पत्रा. त्याच्या पलीकडं ते बसलेले, काचेतून बॉनेटच्या वरच्या कडेकडं नजर लावून, माझा हात कधी वर येतोय याची वाट बघत. हात वर येणार कुठून? उजव्या हातानं मी बंपर धरून स्वतःला मागं ओढत होते. इंजिन तसंच रेसमध्ये. मी परत ओरडले, परत ओरडले. लग्नातल्या उखाण्यानंतर मी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या सकाळी काढलं. नाव घेऊन घेऊन ओरडले. सगळी गल्ली दारात आली. फक्त ज्याचं नाव होतं तो आला नाही.

मावशी झाडू टाकून धावल्या. पुढं मला सांगत होत्या, "मी खिडकीतनं हात घालून त्येची गचांडी धरली, तर माज्याकडं बघून हसला गं त्यो. म्हनाला, काय मावशी?" मग त्यांना मावशींचं तोंड दिसलं. त्यांनी बंद करायचा खटका ओढला आणि उतरून पुढं आले.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. पंख्यात अडकलेलं माझं निळं लुगडं. मालकांचे पांढरे ओठ. कोणाच्या तरी रिक्षात मावशींच्या मांडीवर माझं डोकं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढून टाकलं. तिसरं वाचलं, पण वाकत नाही.

दुपारी शुद्ध आली तेव्हा मालक कॉटपाशी स्टुलावर बसले होते, माझ्या तोंडाकडं बघत. मी डोळे उघडले तसे म्हणाले, "गाडी विकून टाकू या. तिच्यापायी तुजा हात गेला."

मी होय म्हणून मान हलवली. आतल्या आत मला रडू फुटलं, दुखण्याचं नव्हे. ज्यासाठी मी किती दिवस त्यांच्या मागं लागले होते, ते हे असं मिळत होतं.

त्यांनी माझ्या चादरीची कड सारखी केली. मग पुढं झुकून विचारलं, "तू हाक मारलीस?"

आता बघा. किती दिवस मी या माणसाशी भांडत होते, की तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून. आता सांगायला पुरावा होता, पांढऱ्या पट्टीत गुंडाळून छातीवर ठेवलेला. आणि मी अशी बाई, की भांडणात शेवटचा शब्द कधी कोणाला दिला नाही. पण त्यांच्या डोळ्यांत ती उंबऱ्यावरची नजर परत येऊन बसायला लागलेली मला दिसली.

"न्हाई ओ," मी म्हणाले. "येकदम झालं. तोंडातनं शब्दच फुटला न्हाई."

ओरडून ओरडून माझा घसा पार बसला होता. नुसती हवा आणि खरखर. शेजारच्या कॉटवरची बाई तो आवाज ऐकून वळून बघायला लागली, आणि नर्स म्हणाली, "बोलू नका काकी, घसा फाटलाय तुमचा." कोणीही ऐकलं असतं तर माझं खोटं तिथल्या तिथं उघडं पडलं असतं. मालक माझ्या ओठांकडं बघत होते. त्यांचा अडकलेला श्वास सुटला.

"मला वाटलंच," म्हणाले. "मारली असतीस तर आलं असतं की ऐकू."

गाडी त्या उद्यमनगरच्या मिस्त्रीनंच गिऱ्हाईक बघून विकून दिली. विकण्याआधी त्यानं दुखणं शोधलं. डायनामो कधीतरी काढून परत बसवताना कोणीतरी मागचा एक वायसर, म्हणजे लोखंडाची छोटी चकती, घालायला विसरला होता, त्यामुळं ती पुली जराशी आत गेली होती आणि पट्टा तिरका पळत होता. मिस्त्रीनं वायसर घातला, नवा पट्टा टाकला, चिमणी गप्प झाली. मला बघायला आला तेव्हा त्यानं हे सांगितलं आणि मग त्याला कुठं बघावं कळेना. एवढासा वायसर! त्या विसरणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात अजून शिव्या देते, आणि देत राहणार.

मालकांना गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीत काम मिळालं. तिथं कान लागत नाहीत. गिऱ्हाईक डबा पुढं करतं, बोट दाखवतं. उंबऱ्यावर ते परत बसले नाहीत, हे मी मोठं मानते. माझ्या हातानं भाकरी थापता येत नाही, बोटांच्या जागी पीठ निसटतं. म्हणून संध्याकाळी गिरणीतून आले की तेच भाकऱ्या करतात. जाड होतात, पण होतात. कान तर आता पुरतेच गेले. कोणी विचारलं तर म्हणतात, "वयानं जरा कमी येतंय."

आणि पै-पाहुणा आला, माझ्या हाताकडं त्याची नजर गेली, की ते स्वतःहून ती सकाळ सांगायला घेतात. बॉनेट, फुंकणी, पदर, सगळं. सांगून झालं की शेवटी माझ्याकडं बघून मान हलवतात आणि जरा रागानंच म्हणतात, "हिनं हाकच मारली न्हाई बगा. येक हाक मारली असती तर हात वाचला असता. कवा न्हाई ती नेमकी तवा गप बसली." पाहुणे माझ्याकडं बघतात. मी म्हणते, "व्हय, माजंच चुकलं." तोंड त्यांच्याकडं करून म्हणते. काही काही दिवशी मस्तकाची शीर उठते. वाटतं, सांगून टाकावं एकदा आणि मोकळं व्हावं. मग चहा ठेवायला आत जाते.

परवा माझा चुलतभाऊ आला होता. मावशीही येऊन बसल्या होत्या, आता पार थकल्यात, पण जीभ तीच. मालकांनी सगळं सांगितलं आणि शेवटचं वाक्य म्हटलं. माझं नेहमीचं उत्तर मी दिलं. आणि इतकी वर्षं ऐकून घेतलेल्या मावशींना त्या दिवशी काय झालं कोण जाणे, चहाची बशी तोंडाशी धरूनच त्या बोलल्या, "अगं काय हे! नाव घिऊन घिऊन वरडत हुतीस तू. माज्या कानात अजून बसलंय ते. सांग की त्येला येकदा."

चुलतभावाचा हात कपासकट थांबला. मालकांना बशीमागं मावशींचे ओठ दिसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काय म्हनत्यात मावशी?"

मी त्यांच्याकडं तोंड केलं.

"चहात साखर कमी हाय म्हनत्यात."

"आसं व्हय," म्हणाले, आणि साखरेचा डबा आणायला उठून आत गेले.